‘पुरे झाले!’ : डाकारचे रॅप आणि एका राष्ट्राध्यक्षाचा पराभव

२०११ च्या जानेवारीत सेनेगलची राजधानी डाकार येथील पार्सेल असेनी या उपनगरात एका रात्री वीज गेली होती. त्यात नवल काहीच नव्हते. त्या काळात डाकारमध्ये तासन् तास अंधार असे. शिंप्यांची यंत्रे थांबत, बर्फाविना मासळी नासे, हातावर पोट असणाऱ्यांचा दिवस वाया जाई. त्या अंधारात फादेल बारो या पत्रकाराच्या घरी काही मित्र बसले होते. त्यांत ‘केर गी’ या रॅप गटाचे थियात आणि किलिफे हे दोघेही होते. त्या बैठकीतून एक चळवळ जन्मली. तिचे फ्रेंच नाव ‘यां ना मार’, म्हणजे ‘पुरे झाले!’. पुढच्या चौदा महिन्यांत सेनेगलचा राष्ट्राध्यक्ष बदलला.

हे राष्ट्राध्यक्ष म्हणजे अब्दुलाय वाड. वयाची पंचाऐंशी गाठत आलेले, आणि तरीही तिसऱ्या कार्यकाळासाठी निवडणूक लढवू पाहणारे. २०१० मध्ये त्यांनी डाकारच्या टेकडीवर ४९ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. ऊर्जाखाते त्यांच्या पुत्राकडे, करीम वाड यांच्याकडे होते. वीज मात्र नव्हती.

यातला खरा उपरोध वेगळाच आहे. २००० साली याच वाड यांना निवडून आणण्यात डाकारच्या रॅप गायकांचा वाटा होता. ‘सोपी’, म्हणजे वोलोफ भाषेत ‘बदल’, ही वाड यांची घोषणा त्या वेळी तरुणांच्या ओठांवर होती. ती पिढी कशातून आली होती? १९८८ ची वादग्रस्त निवडणूक, त्याच वर्षी वाया गेलेले शैक्षणिक वर्ष, आणि मग जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचे मूल्य एका फटक्यात निम्म्यावर आणले गेले. पगार तोच राहिला, पण आयात तांदूळ महागला. सेनेगली रॅपचा कणा याच दशकात घडला.

रॅपच का, याचे उत्तर भाषेत दडलेले आहे. सेनेगलची राजभाषा फ्रेंच. संविधान, न्यायालय, संसद आणि बहुतेक वृत्तपत्रे फ्रेंचमध्ये. घर, बाजार आणि रस्ता वोलोफमध्ये. जवळपास निम्म्या प्रौढांना लिहितावाचता येत नसे. अशा समाजात छापील लेख मूठभरांपुरता उरतो. बोललेला शब्द मात्र टॅक्सीत, चहाच्या फेऱ्यांत, मशिदीबाहेरच्या गर्दीत पोहोचतो. या बोललेल्या शब्दाला तिथे जुनी परंपराही होती. ‘गेवेल’ म्हणजे आपल्याकडील भाटांसारखी वंशपरंपरेने चालत आलेली जात. यजमानाची वंशावळ गायची, बिदागी घ्यायची. तालावर म्हटली जाणारी ‘तासू’ ही स्त्रियांची उक्तीही होतीच. रॅप म्हणजे तासूचाच अवतार, असे काही सेनेगली कलावंत अभिमानाने सांगतात. हा वारसा सरळ रेषेतला मानणे जरा धाडसाचे आहे. न्यूयॉर्कहून आलेल्या कॅसेटींचे ऋण नाकारता येत नाही. महत्त्वाचा आहे तो फरक. गेवेल यजमानाची स्तुती करी. रॅप करणाऱ्याला जातही लागत नव्हती आणि यजमानही.

यजमान नसण्याची किंमत ‘केर गी’ने लवकरच मोजली होती. हा गट भुईमुगाच्या व्यापारावर वाढलेल्या काओलाक शहरातला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, अगदी कोवळ्या वयात, शहराच्या महापौरांवर टीका केल्याबद्दल त्यांना तुरुंग पाहावा लागला.

२३ जून २०११ हा दिवस निर्णायक ठरला. पहिल्या फेरीत २५ टक्के मते मिळाली तरी राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष ही जोडी विजयी ठरेल, असे विधेयक वाड यांनी संसदेत आणले. उपराष्ट्राध्यक्षपद कोणासाठी, हे सांगावे लागत नव्हते. संसदेबाहेर जनसमुदाय लोटला, अश्रुधूर सुटला, आणि संध्याकाळपर्यंत विधेयक मागे घेतले गेले. जुलैमध्ये थियातला वाड यांच्याविषयीच्या भाषणावरून पोलिसांनी ताब्यात घेतले. पण या गायकांचे सर्वांत मोलाचे काम याहून नीरस होते : मतदारनोंदणी. मोहिमेचे नाव ‘दास फनानल’. वोलोफमध्ये याचा आशय, निजण्यापूर्वी शस्त्राला धार लावून ठेवणे. शस्त्र म्हणजे मतदार ओळखपत्र. वस्त्यावस्त्यांत गाणी आणि सभा घेत त्यांनी तरुणांना नोंदणीच्या रांगेत उभे केले. जो तरुण रस्त्यावर टायर जाळतो आणि मतदानाच्या दिवशी घरी बसतो, तो त्यांना अर्धाच नागरिक वाटत होता.

जानेवारी २०१२ मध्ये संविधान परिषदेने वाड यांची उमेदवारी वैध ठरवली. दंगली उसळल्या, काहींचे प्राण गेले. २६ फेब्रुवारीच्या पहिल्या फेरीत वाडच आघाडीवर होते, सुमारे ३५ टक्के. २५ मार्चच्या दुसऱ्या फेरीत विरोधक एकवटले आणि माकी साल यांना जवळपास ६६ टक्के मते पडली. म्हणून ‘रॅपने राष्ट्राध्यक्ष पाडला’ हे वाक्य आकर्षक असले तरी अपुरे आहे. पक्ष, कामगार संघटना, मानवाधिकार संस्था हे सारे त्यात होते. तथापि राजकारणाला विटलेल्या तरुणाला मतपेटीपर्यंत नेणारा आवाज पक्षांकडे नव्हता. तो या गायकांकडे होता.

रोजगाराचा प्रश्न मात्र सुटला नाही. मासेमारीच्या होड्यांतून युरोपकडे निघणारे तरुण त्यानंतरही निघतच राहिले. चळवळीने पुढे साल यांच्या सरकारवरही टीका सुरू ठेवली. बुर्किना फासोमध्ये २०१३ साली रॅप गायक स्मोकी आणि रेगे गायक साम्स्क ल जा यांनी ‘बाले सितवायें’, म्हणजे ‘नागरिकांचा झाडू’, ही चळवळ उभारली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथले २७ वर्षांचे ब्लेझ कोंपाओरे यांचे राज्य कोसळले. मार्च २०१५ मध्ये या दोन्ही चळवळींचे कार्यकर्ते काँगोच्या किन्शासामध्ये गेले, तेव्हा तिथल्या सरकारने त्यांना अटक केली.

डाकारमध्ये तोवर आणखी एक प्रयोग रुजला होता. २०१३ पासून शुमान आणि केयती हे दोन जुने रॅप गायक सूट घालून कॅमेऱ्यासमोर बसत आणि आठवड्याच्या बातम्या रॅपमध्ये देत. शुमान फ्रेंचमध्ये, केयती वोलोफमध्ये.