बिलोली परिसरातील पुरुषांचे बुरशीविकार : उपचारांचा मागोवा

नांदेड जिल्ह्याच्या तेलंगणाकडील सीमेवर, मांजरेच्या खोऱ्यात वसलेला बिलोली तालुका 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्यामुळे तेथे आयुर्वेदाच्या जोडीला, निजामाचा राजाश्रय लाभलेली युनानी परंपराही होती. दोन्ही परंपरांना त्वचेची खाज परिचित होती. पुरुषाच्या गुप्तांगाचा विकार मात्र लाजेपोटी फारसा उघड होत नसे.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘वृषणकच्छू’ येतो. स्नान व स्वच्छता न राखल्याने वृषणावर साचलेला मळ घामाने भिजला की कंड सुटते, आणि खाजवल्याने फोड येऊन ते स्रवू लागतात, असे त्याचे वर्णन आहे. त्याची आजच्या एकाच रोगाशी सांगड घालणे धाडसाचे ठरेल; तरी घाम, ओल आणि खाज यांचा संबंध तेथे अचूक हेरला आहे. दद्रू म्हणजे गजकर्ण किंवा नायटा यावर तरोट्याच्या बिया वाटून लावत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात त्यासाठी ‘गोवा पावडर’ विकली जाई, आणि ती मुळात ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाची भुकटी असल्याचे 1875 च्या सुमारास उघड झाले.

मात्र गजकर्णाची बुरशी वेगळी आणि कॅन्डिडा वेगळी. कॅन्डिडा हे तोंडात, आतड्यात व त्वचेवर एरवीही राहणारे किण्व, म्हणजे अंकुर फुटून वाढणारी एकपेशीय बुरशी आहे. अग्रत्वचेखाली ओल साचली की ते माजते आणि शिश्नमुंडाचा दाह होऊन लाली, कंड व पांढुरका थर दिसू लागतो. शार्ल रोबँ यांनी 1853 मध्ये या बुरशीला ‘ओइडियम अल्बिकन्स’ म्हटले, तर कॅन्डिडा ही प्रजाती 1923 मध्ये क्रिस्टिन बर्खाउट यांनी प्रस्थापित केली.

नेमके औषध त्यानंतरही उशिराच आले. एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन यांनी 1950 मध्ये निस्टॅटिन जाहीर केले. पुढे, 1954 मध्ये स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार व सहकाऱ्यांनी मातीतील स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून हॅमायसिन मिळवले आणि 1961 च्या सुमारास त्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. कॅन्डिडावर चालणारे हे औषध महाराष्ट्राच्या मातीतून निघाले, ही गोष्ट मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. पुढे क्लोट्रिमॅझोलसारखी मलमे सर्वत्र मिळू लागली आणि हॅमायसिन मागे पडले.

आजची अडचण औषधाच्या अभावाची नाही, तर चुकीच्या औषधाची आहे. स्टेरॉइड मिसळलेले मलम कंड तात्पुरती शमवते, पण त्वचेची प्रतिकारशक्ती दाबून बुरशीला मोकळीक देते. म्हणून असे मलम दुकानातून परस्पर घेणे घातक ठरते. शिवाय शिश्नमुंडाचा कॅन्डिडाजन्य दाह वारंवार होत असेल तर त्यामागे मधुमेह असू शकतो, तेव्हा अशा पुरुषाने मलमाबरोबर रक्तातील साखरही तपासून घ्यावी.