मिश्र ध्रुवतेचा डीसी पुरवठा : अर्थिंग व विलगीकरण

टेलिफोन एक्स्चेंज आणि मोबाइल टॉवरच्या केबिनमध्ये बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक जमिनीला जोडलेले असते. मोटारगाड्यांत मात्र निगेटिव्ह टोक चासीला बांधलेले असते, आणि २४ व्होल्टच्या छोट्या वायरलेस उपकरणांतही बहुधा तसेच. या दोन रिवाजांची यंत्रे एकाच लोखंडी रॅकमध्ये कसली, की रॅक स्वतःच तार बनतो.

पूर्वपीठिका. शिसे-आम्लाचे २ व्होल्टचे २४ सेल मिळून ४८ व्होल्टची बॅटरी होते. चार्जिंगवर असताना मीटर ५४च्या आसपास दाखवतो. पॉझिटिव्ह जमिनीला देण्याचे कारण सहसा गंज हे सांगितले जाते. ओल्या मातीत जो धातू मातीच्या तुलनेत पॉझिटिव्ह असतो तो झिजतो, निगेटिव्ह असतो तो टिकतो. रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवरील तांब्याचे पत्रे जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून वाचवले, त्यामागचे तत्त्व हेच. पॉझिटिव्ह जमिनीला दिले, की तारा मातीच्या तुलनेत निगेटिव्ह राहतात; तांब्याच्या तारा जमिनीखालून नेणाऱ्या टेलिफोनवाल्यांना ते सोयीचे होते.

बिघाड कसा होतो. उणे ४८च्या, म्हणजे पॉझिटिव्ह जमिनीला दिलेल्या ४८ व्होल्टच्या, केबिनमध्ये २४ व्होल्टचा रेडिओ लावायचा आहे, म्हणून कुणी स्वस्त बक कन्व्हर्टर आणतो. या कन्व्हर्टरमध्ये आत येणारी आणि बाहेर जाणारी निगेटिव्ह तार एकच असते. व्होल्टेज उतरते, संदर्भ बदलत नाही. टेबलावर रेडिओ सुरळीत चालतो. मीटर २४ दाखवतो, आणि ते खरेही असते. पण रेडिओची निगेटिव्ह बाजू जमिनीच्या ५४ व्होल्ट खाली असते, पॉझिटिव्ह ३० व्होल्ट खाली. रेडिओची निगेटिव्ह बाजू त्याच्या डब्याला जोडलेली असेल, तर डबा रॅकला कसताक्षणी बॅटरीची दोन्ही टोके लोखंडातून भिडतात. शेकडो अँपिअर देऊ शकणाऱ्या बॅटरी बँकेसमोर पातळ तारेचे काही चालत नाही.

डबा प्लास्टिकचा असला तरी धोका टळत नाही. इथरनेटच्या पोर्टमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो आणि मानकानुसार तो १,५०० व्होल्टची चाचणी सोसतो. चार जोड्यांच्या तारांतून सहसा काही होत नाही. वाट निघते ती शील्डमधून, कन्सोल केबलच्या ग्राउंडमधून, अँटेनाच्या कोॲक्सच्या वेष्टनातून. लॅपटॉपची कन्सोल केबल खोचताना उडणारी ठिणगी म्हणूनच कधीही दुर्लक्षू नये.

विलगीकरण. खरा उपाय म्हणजे आयसोलेटेड डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्यात वीज ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांमधून पार होते आणि नियंत्रणाचा संकेत बहुधा ऑप्टोकपलरमधून, प्रकाशरूपाने, परत येतो. बाहेर पडणारी बाजू अधांतरी राहते. तिचे कोणते टोक जमिनीला द्यायचे ते जोडणारा ठरवतो, आणि ते एकाच ठिकाणी द्यावे. दोन इमारतींमध्ये धातूचे कवच नसलेला ऑप्टिकल फायबर टाकला, तर डेटाच्या बाजूचा प्रश्नच उरत नाही.

फ्यूज. फ्यूज जमिनीला न जोडलेल्या तारेत हवा : उणे ४८च्या केबिनमध्ये निगेटिव्ह तारेत, निगेटिव्ह-अर्थ संचात पॉझिटिव्हमध्ये.

सौर कंट्रोलर. अनेक स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलरमध्ये पॉझिटिव्ह सामाईक असते आणि लोडचा स्विच निगेटिव्ह तारेत असतो. बॅटरीचे व लोडचे निगेटिव्ह रॅकमधून एकत्र आले, की हा स्विच निकामी ठरतो. बॅटरी उतरली तरी कंट्रोलर लोड तोडू शकत नाही, आणि बॅटरी पार रिकामी होते.

रंग. तारांच्या रंगांची प्रथा ठिकाणागणिक बदलते, म्हणून रंगावरून ध्रुवता ठरवू नये.

तपासणी. यंत्र बंद ठेवून, तारा काढून, पुरवठ्याच्या प्रत्येक टोकाचा डब्याशी रोध मोजावा. शून्याजवळ आल्यास ते टोक चासीला जोडलेले आहे. मग वीज देऊन, रॅकला कसण्याआधी, डबा आणि रॅक यांच्यामधले व्होल्टेज पाहावे. वरच्या उदाहरणातला ५४चा आकडा इथेच, बोल्ट लावण्याआधी, दिसला असता.