वाऱ्याने आखलेली वाट
दक्षिण पॅसिफिक महासागरात शिडाच्या लहान नौकेतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्याचा मार्ग माणसाने कमी आणि वाऱ्याने जास्त ठरवला आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेला पूर्वीय वारे वर्षाचा मोठा काळ आग्नेयेकडून वाहतात. त्यामुळे अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघालेल्या नौकेला मार्केसस, तुआमोतू, ताहिती, कुक बेटे, टोंगा आणि फिजी अशी एकामागून एक बेटे वारा पाठीशी ठेवून गाठता येतात. उलट यायचे तर वाऱ्याशी झगडत आडवेतिडवे अंतर कापावे लागते. त्यात नोव्हेंबर ते एप्रिल हे चक्रीवादळांचे महिने. म्हणजे दिशा एकच आणि हंगामही एकच.

याच समुद्रात पॉलिनेशियन दर्यावर्दी युरोपीय लोकांच्या कितीतरी आधी फिरले, आणि तेही पश्चिमेकडून पूर्वेकडे. हे कसे जमले याचे उत्तर 1769 साली ताहितीला तुपाया या जाणकाराने कॅप्टन कुकला दिले होते. वर्षातले काही आठवडे वारा पश्चिमेकडून वाहतो, त्याची वाट पाहायची. पुढच्या हौशी प्रवाशांपाशी इतका धीर नव्हता. त्यांनी सोपी दिशा धरली.

या प्रवासाला हौसेचे रूप आले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1888 मध्ये ‘कॅस्को’ ही नौका भाड्याने घेऊन सॅन फ्रान्सिस्कोहून मार्केससला गेला आणि पुढे सामोआत स्थायिक झाला. जोशुआ स्लोकमने 1895 ते 1898 या काळात अकरा मीटरच्या ‘स्प्रे’मधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी प्रदक्षिणा करणारा तो पहिला. त्याला बेटांचे मात्र विशेष आकर्षण नव्हते. हुआन फर्नांडेझ बेट सोडल्यावर त्रेचाळिसाव्या दिवशी मार्केससमधले नुकू हिवा दिसले, तरी तो न थांबता पुढे गेला आणि एकूण बहात्तर दिवसांनी त्याने थेट सामोआला नांगर टाकला. तिथे स्टीव्हन्सनच्या विधवा पत्नीने त्याचे स्वागत केले. सुकाणू बांधून ठेवले की ‘स्प्रे’ आपोआप मार्ग धरून चाले, हे त्याचे खरे भांडवल. लेखक जॅक लंडनची ‘स्नार्क’ 1907 मध्ये निघाली ती सात वर्षांचा बेत आखून. नौकेचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला, बरोबरच्या माणसाला नौवहनशास्त्र येत नसल्याने लंडनला ते वाटेत शिकावे लागले आणि शेवटी आजारपणामुळे 1908 मध्येच प्रवास आटोपला. त्यावरचे पुस्तक मात्र गाजले.

खरा बदल 1914 साली पनामा कालवा उघडल्याने झाला. अटलांटिकमधल्या नौकेला दक्षिण अमेरिकेच्या वादळी टोकाला वळसा घालण्याचे कारण उरले नाही. महायुद्ध संपताच 1919 मध्ये राल्फ स्टॉक हा इंग्रज लेखक बहीण आणि एका मित्रासह डेव्हनहून निघाला, कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरला आणि टोंगात त्याने नौका विकून टाकली. हॅरी पिजन या अमेरिकनाने नौका स्वतः बांधली आणि 1921 ते 1925 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तोवर हा श्रीमंतांचा किंवा पट्टीच्या कप्तानांचा उद्योग समजला जाई. पिजन दोन्हींपैकी काहीच नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर वाटेवर गर्दी वाढली. एरिक आणि सुसान हिस्कॉक हे इंग्रज जोडपे 1952 ते 1955 मध्ये तीस फुटी ‘वाँडरर थ्री’मधून जग फिरून आले आणि त्यांच्या पुस्तकांवर एक पिढी शिकली. वाऱ्याच्या जोरावर आपोआप चालणारी सुकाणू-यंत्रणा 1960 च्या दशकात रूढ झाली, तेव्हा दोन माणसांना रात्रंदिवस सुकाणू धरून बसण्याची गरज राहिली नाही. गालापागोसपासून मार्केससपर्यंतचे सुमारे 3000 सागरी मैल, म्हणजे तीन-चार आठवड्यांचा जमीन न दिसणारा टप्पा, सामान्य जोडप्याच्या आवाक्यात आला तो यामुळे.

हंगाम एकच असल्याने सगळे साधारण एकाच वेळी निघत आणि त्याच त्या नौका बंदरामागून बंदरात पुन्हा भेटत. ताहितीतल्या पापीतेच्या धक्क्याला त्या मागची बाजू किनाऱ्याकडे करून ओळीने बांधलेल्या असत. नकाशे, पुस्तके, सुटे भाग आणि पुढच्या बेटाची बातमी एका नौकेवरून दुसरीवर जाई. रेडिओ आल्यावर ठरल्या वेळी हाळी देण्याची रीत पडली. सुवारोव्ह या निर्जन कंकणद्वीपावर 1952 पासून अधूनमधून एकटा राहणारा टॉम नील जगाला माहीत झाला तो येणाऱ्या-जाणाऱ्या नौकांमुळेही. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार्ड मोइतेसिए तर 1969 मध्ये एकट्याने जग फिरण्याची शर्यत अर्ध्यावर सोडून ताहितीला आला आणि पुढे ‘आहे’ नावाच्या कंकणद्वीपावर राहिला. समुद्रावरचा एकांत हा पुस्तकांचा लाडका विषय असला, तरी या वाटेचा इतिहास बराचसा सोबतीचाच आहे. 1986 पासून अटलांटिक ओलांडणाऱ्या नौकांचे ताफे आयोजित होऊ लागले, तेव्हा अशा सोबतीला प्रवेशशुल्क आणि वेळापत्रक मिळाले.

याच वाटेवरच्या तुआमोतूला बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने 1768 मध्ये धोकादायक द्वीपसमूह म्हटले होते. सपाट कंकणद्वीपे अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत आणि प्रवाह नौकेला खडकांवर नेतात, म्हणून जुने प्रवासी ती टाळत. 1990 च्या दशकात जीपीएस आल्यावर ती नेहमीचा मुक्काम बनली.

मराठी वाचकाला शिडाच्या पृथ्वीप्रदक्षिणेचे नाव माहीत आहे ते दिलीप दोंदे यांच्यामुळे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून 2009-10 मध्ये मुंबईहून त्यांनी केलेली प्रदक्षिणा दक्षिणेच्या थंड, वादळी समुद्रातून झाली; बेटांची ही वाट तिच्यापासून फार दूर आहे. इथे आजही हंगामच राज्य करतो: नौका साधारण मार्च ते मेमध्ये मार्केससकडे निघतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास बहुतेक जण न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियाचा किनारा गाठतात. चक्रीवादळांच्या काळात नौका त्या पट्ट्याबाहेर असावी, ही अट अनेक विमा कंपन्याही घालतात.