टुटू : बॅले नर्तकीच्या पोशाखाचा दोन शतकांचा प्रवास

बॅले या पाश्चात्त्य नृत्यप्रकाराची सर्वाधिक परिचित खूण म्हणजे नर्तकीच्या कमरेभोवती फुललेला तलम, जाळीदार घेर. टुटू या नावाने ओळखला जाणारा हा पोशाख कोणा एका वेशभूषाकाराच्या कल्पनेतून सिद्ध झालेला नाही. नर्तकीच्या पायांचे काम प्रेक्षकांना किती दिसावे, या प्रश्नाला वेगवेगळ्या काळांत जी उत्तरे दिली गेली, त्यांतून त्याचा आकार घडत गेला. या वाटचालीत काही नर्तकींना प्राणही गमवावे लागले.

पायघोळ झग्यापासून मलमलीपर्यंत

अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातील रंगमंचावरील नर्तकींचा पोशाख राजदरबारातील स्त्रियांच्या पोशाखासारखाच असे. पायघोळ व जड झगा, कमरेच्या दोन्ही बाजूंना फुगवट्यासाठी बसवलेले सांगाडे आणि उंच टाचांची पादत्राणे यांमुळे पदन्यास झाकला जाई. पॅरिस ऑपेराची नर्तकी मारी कामार्गो हिने आपला झगा घोट्यांच्या वर आणला. हवेत उडी घेऊन पाय एकमेकांवरून झपाट्याने फिरवण्याची तिची हातोटी प्रेक्षकांना दिसावी, हा त्यामागील हेतू होता. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडन येथे सांगाड्यांशिवाय, साध्या मलमलीच्या वस्त्रात नृत्य सादर केले. हे दोन्ही प्रयोग त्या काळी धाडसाचे मानले गेले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपच्या वेशभूषेत शुभ्र, झिरझिरीत मलमलीची लाट आली. बंगालमधून जाणाऱ्या मलमलीला तेथे मोठी मागणी होती. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर प्राचीन ग्रीक शिल्पांच्या धर्तीवरील हलकी वस्त्रे प्रचारात आली आणि रंगमंचानेही त्यांचे अनुकरण केले. त्याच सुमारास यंत्रयुगाने आणखी एक साधन पुरवले. इंग्लंडमधील जॉन हीथकोट याने १८०९ मध्ये षट्कोनी छिद्रांची जाळी विणणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळवले. हाताने विणावी लागणारी महागडी जाळी त्यामुळे कारखान्यात तयार होऊ लागली. फ्रान्समधील ट्यूल या गावावरून ओळखले जाणारे हे जाळीदार कापड पुढे टुटूचा मुख्य घटक ठरले.

ला सिल्फीद आणि शुभ्र घेर

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या बॅलेचा पहिला प्रयोग झाला. फिलिप्पो ताल्योनी याने आपली कन्या मारी ताल्योनी हिच्यासाठी त्याची रचना केली होती. वायुरूप अप्सरेच्या भूमिकेतील मारीने घट्ट चोळी आणि गुडघा व घोटा यांच्या मधोमध येणारा घंटेच्या आकाराचा पांढरा घेर परिधान केला होता. या वेशभूषेचे श्रेय चित्रकार यूजेन लामी याला दिले जाते. पायाच्या बोटांच्या टोकांवर उभे राहण्याचे तंत्र पूर्वीही होते. मात्र मारीने त्याला कसरतीच्या पातळीवरून काव्याच्या पातळीवर नेले. हलका घेर तिच्या हालचालीमागून तरंगत येई आणि ती जमिनीला स्पर्शच करत नसल्याचा भास निर्माण होई. गॅसच्या दिव्यांच्या मंद प्रकाशात हा भास अधिक गडद होत असे. १८४१ मधील ‘जिझेल’ या बॅलेने हीच परंपरा पुढे नेली. गुडघ्याखाली उतरणाऱ्या या लांब घेराला आज ‘रोमँटिक टुटू’ म्हणतात.

ज्वालांच्या सान्निध्यात

ज्या कापडाने आणि ज्या दिव्यांनी हे सौंदर्य निर्माण केले, त्यांचाच संयोग प्राणघातक ठरला. सुती जाळीचे व खळ दिलेल्या विरळ कापडाचे सुटे थर आणि त्यांमध्ये खेळणारी हवा यांमुळे घेर क्षणार्धात पेट घेई. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात डिसेंबर १८४४ मध्ये क्लारा वेब्स्टर हिचा पोशाख रंगमंचावरील दिव्यामुळे पेटला आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला.

फ्रान्समध्ये १८५९ च्या शाही आदेशान्वये रंगमंचावरील पोशाख व नेपथ्य अग्निरोधक द्रावणात बुडवणे बंधनकारक करण्यात आले. कार्तरों याने शोधलेल्या या प्रक्रियेत तुरटीचा वापर होई. तिच्यामुळे कापड ताठ व मळकट दिसे आणि घेराचा तरंगता भाव नाहीसा होई. त्यामुळे नर्तकी हा पोशाख टाळत. मारी ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिने तर आपण नेहमीचाच घेर वापरू व त्याच्या परिणामांची जबाबदारी आपली राहील, असे ऑपेराच्या संचालकांना लेखी कळवले होते.

ताल्योनीने लिव्रीसाठी १८६० मध्ये ‘ल पापियाँ’ म्हणजे ‘फुलपाखरू’ हा बॅले रचला. त्यातील फुलपाखरू मशालीकडे ओढले जाते आणि त्याचे पंख जळतात. दोनच वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ रोजी, एका ऑपेराच्या तालमीत लिव्रीचा घेर गॅसच्या दिव्याने पेटला. गंभीर भाजलेल्या अवस्थेत आठ महिने झुंज दिल्यानंतर २६ जुलै १८६३ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी तिचे निधन झाले. तिच्या पोशाखाचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहेत.

नाट्यगृहांत विजेचे दिवे आल्यावर हा धोका ओसरू लागला. लंडनचे सॅव्हॉय नाट्यगृह १८८१ मध्ये संपूर्णतः विजेने प्रकाशित होणारे पहिले सार्वजनिक नाट्यगृह ठरले. योगायोगाने त्याच वर्षी एदगार दगा याने पॅरिसमधील प्रदर्शनात चौदा वर्षांच्या बॅले विद्यार्थिनीचे मेणाचे शिल्प मांडले. त्याला त्याने खऱ्या कापडाचा घेर नेसवला होता. ‘टुटू’ हा शब्दही फ्रेंचमध्ये १८८० च्या दशकात रूढ झाला. लहान मुलांच्या बोलीतील नितंबवाचक शब्दापासून तो आला असावा, असे मानले जाते. घेराखालील अंतर्वस्त्राला उद्देशून तो प्रथम वापरला गेला.

इटालियन तंत्र, रशियन रंगमंच

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅलेचे केंद्र पॅरिसहून सेंट पीटर्सबर्गकडे सरकले. तेथे आलेल्या इटालियन नर्तकींनी गिरक्या, तोल आणि वेग यांचे नवे मानदंड प्रस्थापित केले. व्हर्जिनिया झुक्की हिने १८८५ मध्ये रशियात आखूड घेराचा आग्रह धरला. पिएरिना लेन्यानी हिने १८९५ मध्ये ‘स्वान लेक’च्या प्रयोगात एका पायावर लागोपाठ ३२ गिरक्या घेतल्या. अशा कौशल्याचे मोल प्रेक्षकांना कळण्यासाठी गुडघा आणि मांडीचे वळण दिसणे आवश्यक होते. तथापि लेन्यानीचा घेरही गुडघ्यापर्यंत येत असे. कमरेपासून थाळीसारखा आडवा पसरणारा ‘क्लासिकल टुटू’ विसाव्या शतकात पूर्णत्वास गेला. घेराच्या थरांत तारेची कडी घातल्याने तो सपाट राहू लागला आणि संपूर्ण पाय दृश्यमान झाला.

या एकसाची पोशाखाला विरोधही झाला. नृत्यरचनाकार मिखाईल फोकीन याचे म्हणणे असे होते, की कथानक कोणत्याही देशाचे व काळाचे असो, नर्तकीला तोच टुटू नेसवणे कलेला मारक आहे. १९१० मधील ‘फायरबर्ड’च्या नायिकेला त्यामुळे टुटूऐवजी पौर्वात्य धाटणीची विजार मिळाली. मात्र ‘ले सिल्फीद’ या बॅलेसाठी फोकीननेच ताल्योनीच्या काळातील लांब, शुभ्र घेर परत आणला.

भारताशी आलेला संबंध

टुटूधारी नर्तकीची प्रतिमा जगभर पोहोचवण्यात रशियाच्या आना पाव्हलोव्हा हिचा वाटा मोठा होता. १९२० च्या दशकात ती भारतातही आली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९२८ मध्ये मुंबईत तिचे नृत्य पाहिले आणि पुढे बॅलेचे धडेही घेतले. आपल्या देशाच्या नृत्यपरंपरेकडे वळण्याचा सल्ला पाव्हलोव्हाने त्यांना दिला. रुक्मिणीदेवींनी १९३६ मध्ये मद्रास येथे कलाक्षेत्राची स्थापना केली व भरतनाट्यमच्या वेशभूषेचीही नव्याने मांडणी केली.

आजचा टुटू

विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कमध्ये आणखी एक महत्त्वाचा बदल झाला. जॉर्ज बालानशीन याच्या रचनांत अनेक नर्तकी एकाच वेळी दाटीने नाचत. तारेच्या कड्या असलेले टुटू परस्परांना लागून तिरपे होत. युक्रेनमधील खारकीव्ह येथे जन्मलेल्या वेशभूषाकार बार्बरा कारिन्स्का यांनी १९५० मध्ये ‘सिम्फनी इन सी’साठी कडीच काढून टाकली. जाळीचे कमी व आखूड थर एकमेकांना सैलसर टाके घालून जोडल्याने पावडरच्या फुलासारखा मऊ, किंचित खाली झुकणारा घेर तयार झाला.

टुटू शिवणे हे आजही बव्हंशी हातकाम आहे. घट्ट चोळी, कमरेवरील पट्टा आणि चड्डी हे त्याचे मुख्य भाग होत. चड्डीवर चुण्या घातलेल्या जाळीचे साधारणपणे दहा ते बारा थर खालून वर, क्रमाने वाढत्या रुंदीचे शिवले जातात. एकच पोशाख अनेक वर्षे वेगवेगळ्या नर्तकींना वापरता यावा, यासाठी पाठीवर हुकांच्या एकाहून अधिक रांगा ठेवतात. प्रयोगानंतर थर खाली झुकू नयेत म्हणून टुटू उलटा टांगला जातो. सुती जाळीची जागा आता बहुतांशी नायलॉनने घेतली आहे.

समकालीन रचनाकार या पोशाखाकडे नव्या दृष्टीने पाहतात. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या ‘ले बॅले त्रोकादेरो द मॉन्ते कार्लो’ या मंडळीत पुरुष नर्तक टुटू परिधान करून जुन्या बॅलेंचे विडंबन सादर करतात. विल्यम फोर्साइथ याच्या १९९६ मधील एका रचनेत नर्तकींचे टुटू पोपटी रंगाच्या पातळ, ताठ तबकड्यांच्या रूपात येतात. दुसरीकडे ‘जिझेल’ आणि ‘स्वान लेक’चे प्रयोग जगभर सुरू आहेत, त्यांतील पहिल्यात लांब आणि दुसऱ्यात आखूड घेर वापरण्याची प्रथा बहुतेक नृत्यसंस्थांनी कायम राखली आहे.