घरगुती सिंथेसायझर : नियंत्रण पटलाची सुटसुटीत आखणी

सिंथेसायझर म्हणजे विजेच्या स्पंदनांपासून स्वर घडविणारे वाद्य. त्याचे सर्किट घरी जोडणे हौशी तंत्रज्ञाला आज दुर्घट नाही. वाद्याची खरी कसोटी लागते ती दर्शनी पटलावर. जळगाव-धुळे परिसरातील लग्नसराईत बँडचा वादक चालत्या वरातीत, अपुऱ्या उजेडात अहिराणी गाण्याची चाल वाजवीत असतो. उजवा हात पट्ट्यांवर आणि डावा हात पटलावर असताना योग्य नॉब न पाहता सापडला नाही, तर गाणे बिघडते. म्हणून पटलावर काय ठेवावे यापेक्षा काय वगळावे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

या वाद्याचा इतिहास हेच सांगतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांनी रॉबर्ट मूग यांचा मोठा सिंथेसायझर उभारला. त्याचे विविध भाग प्रत्येक वेळी वायरींनी परस्परांस जोडावे लागत. १९७० मध्ये आलेल्या मिनिमूगने या जोडण्या आतच कायम केल्या. ऑसिलेटर, मिश्रण, फिल्टर व ध्वनिपातळी हे विभाग स्वराच्या प्रवासक्रमाने डावीकडून उजवीकडे मांडले गेले. १९८१ च्या रोलँड टीबी-३०३ ने आणखी काटछाट केली. त्यात एकच ऑसिलेटर, तरंगाकृती बदलणारी एक कळ आणि स्वराला वळण देणारे सहा लहान नॉब होते. स्वराचा प्रारंभ किती जलद व्हावा, यासाठी नॉबच नव्हता. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत याच यंत्राच्या साथीने दहा राग सादर केले.

घरगुती वाद्यासाठी सहा नॉब आणि दोन कळी पुरेशा आहेत. नॉब असे : सूक्ष्म सूरजुळवणी, मींड, फिल्टरची मर्यादा, फिल्टरची तीव्रता, स्वर विरण्याचा काळ आणि आवाज. एक कळ सप्तक बदलण्यासाठी, दुसरी तरंगाकृती निवडण्यासाठी. सूरजुळवणी व मींड डाव्या टोकाला असावी. फिल्टरच्या मर्यादेचा नॉब मध्यभागी व इतरांहून मोठा असावा, म्हणजे तो स्पर्शानेच ओळखता येतो. आवाजाचा नॉब चुकून धक्का लागू नये म्हणून उजव्या टोकाला एकटा ठेवावा. त्यासाठी लॉगरिदमिक पोटेन्शिओमीटर वापरावा, कारण कानाला आवाजातील वाढ त्याच प्रमाणात जाणवते.

सूरजुळवणीच्या नॉबची व्याप्ती जाणीवपूर्वक लहान ठेवावी. अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. सामान्य पोटेन्शिओमीटर सुमारे ३०० अंश फिरतो. त्यात संपूर्ण सप्तक बसविले, तर एका अंशाच्या हालचालीने सूर चार सेंट सरकतो आणि वरातीच्या धावपळीत तो जुळविणे दुरापास्त होते. व्याप्ती दोन अर्धस्वरांची ठेवल्यास तीच हालचाल एका सेंटहून कमी भरते. गायकाचा षड्ज काळी एक असो वा पांढरी चार, तो पट्टीवर धरता येतोच. नॉबने केवळ सनईशी वा हार्मोनियमशी राहणारा सूक्ष्म फरक मिटवायचा असतो.

खान्देशातील उन्हाळा मात्र नॉबने हाताळता येत नाही. दाब व सूर यांची सांगड घालणाऱ्या ट्रान्झिस्टरांचे प्रमाण तापमानातील प्रत्येक अंशासरशी सुमारे ०.३३ टक्क्याने बदलते. दुपारी ४३ अंशांत जुळविलेले वाद्य रात्री २९ अंशांत वाजविले, तर एका सप्तकाचे अंतर सुमारे ५५ सेंटनी, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याहून अधिक, वाढते. सूरजुळवणीचा नॉब फिरवून सगळे स्वर एकाच वेळी वर वा खाली जातात. त्यांच्यामधील अंतर सुधारत नाही. यावरील उपाय आतच हवा : तापमानाबरोबर अंशाला तेवढ्याच प्रमाणात वाढणारा विशेष रोधक त्या ट्रान्झिस्टरांना चिकटवून बसवावा. सप्तकाचे अंतर ठरविणारा बारीक प्रीसेटही आतच राहावा. तो एकदा जुळविला की वादकाने त्याला हात लावण्याचे कारण नाही.

पत्र्याला भोके पाडण्यापूर्वी पुठ्ठ्यावर प्रत्यक्ष मापाचा आराखडा काढावा. दोन नॉबच्या केंद्रांत किमान २५ मिलिमीटर अंतर ठेवावे. नॉब पुठ्ठ्यावर बसवून दिवा मालवावा आणि प्रत्येक नॉब चाचपडून पाहावा. जो शोधावा लागतो, त्याची जागा बदलावी. जो वाजविताना एकदाही लागत नाही, तो आत न्यावा. पटल धातूचे असल्यास ते सर्किटच्या अर्थिंगशी जोडावे, म्हणजे बाहेरील विजेची गुणगुण कमी होते. अशा पटलावर नॉब मोजकेच उरतात, पण त्यांतील प्रत्येक नॉब वादकाच्या हाताखाली असतो.