वर्तणुकीच्या रकान्यापासून फेसबुकपर्यंत

  १९४५ मध्ये खानदेशात अमळनेरला प्रताप महाविद्यालय निघाले. अशा महाविद्यालयांत प्रवेश घेताना शाळा सोडल्याचा दाखला लागे. त्यातील ‘वर्तणूक’ या रकान्यात बहुधा ‘चांगली’ एवढाच शब्द असे. नोकरीसाठी प्रतिष्ठितांकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागे. म्हणजे साक्ष ओळखीच्या माणसाची असे.

 २००६ मध्ये फेसबुक सर्वांना खुले झाले आणि तिथल्या मजकुरातून ही साक्ष उमेदवाराच्याच हाती आली. जुनी छायाचित्रे, रागात लिहिलेला मजकूर अनोळखी माणूसही वाचू शकतो. म्हणून प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या अर्जापूर्वी आपले खाते परक्याच्या नजरेने तपासणे, अनुचित मजकूर काढणे आणि केलेले चांगले काम मांडणे अगत्याचे ठरते.