क्षेत्र, बीज आणि दोष

वाशीमच्या आसपास कोणत्याही खेड्यात जा. एखादा वयस्कर दगडू, धोंडू किंवा केरबा भेटेलच. आधीची मुलं टिकली नाहीत की पुढच्याला मुद्दाम ओबडधोबड नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्याकडे जात नाही, अशी महाराष्ट्रात जुनी समजूत. वाशीम हे वाकाटकांचं वत्सगुल्म. इथल्या ताम्रपटात राजांची नावं मिळतात. आयांचं दुःख मात्र या दगडू-धोंडूंच्या नावांतच नोंदलेलं आहे.

गर्भ पुन्हा पुन्हा का पडतो, हा प्रश्न जुनाच. चरकसंहितेत अशा विकाराला ‘पुत्रघ्नी’ हे नाव आहे. सुश्रुतानं गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असं सांगितलं: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वाफसा नसेल तर उत्तम बियाणंही वाया जातं आणि दुबार पेरणीची पाळी येते. पण गंमत पहा, ग्रंथानं चार गोष्टी सांगितल्या. समाजानं त्यातली एकच उचलली. जमीनच बरड, असं म्हणून सुनेला बोल लावले, आणि नवऱ्याचं दुसरं लग्न ठरवलं. बियाण्याची चौकशी कोणी केली नाही.

आता हे ‘क्षेत्र’ म्हणजे काय? गर्भाशयाच्या आतलं अस्तर. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञानं १७७४ साली गरोदर गर्भाशयाच्या चित्रांचा मोठा ग्रंथ काढला. गर्भारपणातल्या या अस्तराला त्यानं पानगळीवरून नाव दिलं, कारण प्रसूतीनंतर ते गळून पडतं. तरीही शंभर-सव्वाशे वर्षं डॉक्टर अस्तरातला साधा बदलसुद्धा रोग समजत. १९०८ साली व्हिएन्नात हिट्शमान आणि आडलर यांनी दाखवलं की हे अस्तर दर महिन्याला नियमानं बदलतं. ज्याला दाह म्हणत, ते बऱ्याचदा निरोगी स्त्रीचंच लक्षण होतं. केवढी ही चूक!

पुढं कळलं, की या अस्तरालाही वाफसा असतो. बीज सुटल्यावर सहाएक दिवसांनी थोडेच दिवस ते गर्भाला रुजू देतं. आणखी नवल असं, की बहुतेक प्राण्यांत गर्भ आल्यावर अस्तर तयारीला लागतं. माणसात ते दर महिन्याला आधीच तयार होतं. यान ब्रोसेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून असा विचार मांडला, की हे अस्तर नुसती जमीन नाही, पारखी आहे. सदोष गर्भ ओळखून ते त्याला नाकारतं. काही स्त्रियांत ही पारख ढिली पडते. न टिकणारा गर्भही रुजतो आणि मग पडतो. म्हणजे ज्या जमिनीला आपण बरड म्हटलं, ती कदाचित फार उदार असेल! या विचाराची तपासणी अजून चालू आहे.

आणि बियाण्याचं काय? सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच बिघाड आढळतो. तो जड काम केल्यानं होत नाही, की कोणाच्या नजरेनंही होत नाही.

म्हणून, वाचकहो, घरात असा प्रसंग दुसऱ्यांदा आला तर नवस करा वाटल्यास, पण दोघांनी मिळून स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. गर्भाशयाची ठेवण, थायरॉइड, रक्त गोठण्याचा दोष, गुणसूत्रं यांच्या तपासण्या होतात. आधी गर्भपात झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेस सुरुवातीलाच रक्त जाऊ लागलं, तर प्रोजेस्टेरॉनचा काहीसा उपयोग होतो, असं ब्रिटनमध्ये चार हजारांवर स्त्रियांच्या चाचणीतून २०१९ साली दिसलं. कारण सापडलं नाही, तरी पुष्कळ जणींना पुढं सुखरूप मूल होतं.

तेव्हा दगडू हे नाव ठेवायचं तर खुशाल ठेवा. त्याच्या आईला मात्र दोष देऊ नका.